शंट बंद केल्यावर ते रक्त जाते कोठे?

सिऱ्होसिसच्या (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या जठरातील फुगलेल्या शिरा बुजवताना पडद्यावर दिसणारे एक दृश्य मी आजही डोळे लावून पाहतो. डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेतून शंटमध्ये, म्हणजे यकृताला चुकवून रक्त नेणाऱ्या आडवाटेत, नेलेला फुगा फुगवला की, एरवी क्षणार्धात वाहून जाणारे कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारे द्रव्य) जागीच थबकते आणि जठराच्या माथ्यावरील शिरांचे वेटोळे हळूहळू काळे होत उमटू लागते. फुग्याने शंट अडवून शिरा बुजवण्याच्या या उपचाराला आम्ही बीआरटीओ म्हणतो. मग सोडलेले शिरा बुजवणारे औषध त्या वेटोळ्यात गोठले की रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. पण इतका वेळ या वाटेने जाणारे रक्त आता कोठे जाणार, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी व प्लीहेकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते. सिऱ्होसिसमध्ये यकृतातील व्रणांमुळे त्या रक्ताला अडथळा होतो, शिवाय आतड्यांच्या धमन्या सैलावल्यामुळे येणारे रक्तही वाढते, आणि दोन्ही मिळून दाब चढतो. पोर्टल बाजू आणि यकृतातून बाहेर पडणारी यकृतशिरा यांच्या दाबातील, यकृतशिरेतून मोजलेला फरक एरवी १ ते ५ मिमी पारा असतो. तो १२ च्या पुढे गेला की अन्ननलिकेतील शिरा फुटण्याची भीती असते. जठराच्या शिरांचे मात्र असे नाही. प्लीहेकडून निघून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरणारा मोठा शंट दाब उतरवत असतो, त्यामुळे १२ च्या खालीही त्या फुटू शकतात, आणि फुटल्या की रक्तस्राव जोराचा होतो. म्हणून केवळ आकडा कमी आहे एवढ्यावर निर्धास्त राहणे मला पटत नाही.

शंट बंद झाला की यकृताला चुकवून जाणारे रक्त पुन्हा पोर्टल शिरेत वळते. यकृताला अधिक रक्त मिळते, अमोनिया गाळला जातो, आणि ज्यांना एन्सेफॅलोपथीमुळे (न गाळलेल्या अमोनियासारख्या पदार्थांचा मेंदूवर परिणाम होऊन) भ्रम होत असे त्यांची शुद्ध अनेकदा लक्षणीय सुधारते. मात्र तेच वाढलेले रक्त कडक यकृतावर आदळते व पोर्टल दाब वाढवते. मग जलोदर वाढू शकतो, छातीत पाणी होऊ शकते, अन्ननलिकेतील शिरा मोठ्या होऊ शकतात. टिप्समध्ये, म्हणजे यकृतातून नळी बसवून रक्ताला मुद्दाम वाट करून देण्यात, याच्या नेमके उलट घडते: दाब उतरतो, पण रक्त यकृताला टाळून जाते आणि भ्रमाचा धोका वाढतो. एन्डोस्कोपीतून फुगलेल्या शिरांत ग्लू (चिकटून घट्ट होणारा द्रव) भरल्यास शंट सहसा उघडाच राहतो, त्यामुळे पोर्टल प्रवाहात फारसा फरक पडत नाही. मात्र त्याच उघड्या वाटेने ग्लूचा तुकडा फुप्फुसात पोहोचण्याची शक्यता असते.

त्यामुळे शंट बंद करण्याआधी डॉपलर सोनोग्राफीवर पोर्टल शिरेतील प्रवाहाची दिशा, पोटातील पाणी आणि अन्ननलिकेची अवस्था पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या एका रुग्णाला उपचारापूर्वी स्वतःच्या मुलीचे नाव आठवत नव्हते. काही आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा आपल्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी स्वतःच मला सांगितल्या, आणि शेजारी बसलेल्या मुलीचे डोळे भरून आले. त्याच दिवशीच्या एन्डोस्कोपीत अन्ननलिकेतील शिरा पूर्वीपेक्षा मोठ्या झालेल्या दिसल्या, आणि तेथल्या तेथे त्यांवर बँडिंग करावे (रबरी कडी घालून त्या आवळाव्या) लागले.