हे मी बोलतेय की तुम्ही?

आज माझ्या पटकथेच्या रीडिंगच्या वेळी, म्हणजे नटमंडळी एकत्र बसून संवाद वाचतात तेव्हा, पान उलटता उलटता बहिणीचं काम करणाऱ्या नटीने सहज विचारलं, "सर, हे वाक्य मी बोलतेय की तुम्ही?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसू पार आंबून गेलं होतं.

वाक्य असं: "तू गेल्यापासून या घराला आवाजच उरला नाही." लिहिलं तेव्हा काय खूश झालो होतो! दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. तीच तर गोची. माझ्या तोंडात ते मस्त बसतं. आठ वर्षांनी भाऊ दारात उभा असताना कुठली बहीण इतकं घोटीव बोलेल? ती म्हणेल, "केस किती पिकले रे तुझे."

एवढी वर्षं संवाद लिहितोय आणि हे मला तिने सांगावं. तेही सगळ्यांसमोर.

रात्री पात्रांची नावं पट्टीने झाकली आणि नुसते संवाद वाचत गेलो. बहीण कुठली, भाऊ कुठला, पत्ता लागेना. वकीलसुद्धा उपमा देतो! आणि भाऊ सांगतो, "बाबांना जाऊन आठ वर्षं झाली, तुला माहीतच आहे." तिला माहीत आहे तर सांगतोस कशाला, बाबा? प्रेक्षकाला कळायला. मग ते भांडणात घाल ना. तिनेच विचारावं, "आठ वर्षांत एकदा तरी फिरकलास?" माहितीही गेली, ओरखडाही उठला. हे मी नव्यांना शिकवतो, बरं का.

मूकपटात चेहरा दाखवून झाला की संवाद लिहिलेली पाटी यायची. 1927 साली सिनेमा बोलायला लागला. मी अजून पाट्याच लिहितोय.

खरं तर मला स्वतःलाही तो एक फोन... असो.

एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. भावाबहिणीचा सीन साडेतीन पानांचा होता, आता दीड पान उरलंय. ते वाक्य काढलं. तिथे ती फक्त म्हणते, "दार लोटून घे." आत येऊन की बाहेर जाऊन, ते तिचं ती ठरवेल. उद्या विचारणार आहे तिला, आता कोण बोलतंय म्हणून. नको, नाही विचारणार.

कापलेलं वाक्य मात्र टाकवत नाही. वकिलाला देता येईल का, यावर अर्धा तास घालवला.