युकिकाझेला नुसतं लकी म्हणू नका

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विनाशिकांचा विषय निघाला की युकिकाझेचं नाव येतंच आणि मागोमाग 'लकी जहाज' हा शिक्काही येतो, तो मला खरंच खटकतो. कागेरो वर्गाच्या (म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या) १९ विनाशिकांपैकी युद्धातून ही एकटीच वाचली हे खरंय, पण सगळं नशिबावर टाकलं की तिच्यावरच्या माणसांची मेहनत कुठे जाते?

सासेबोच्या गोदीत बांधलेली ही बोट जानेवारी १९४० मध्ये नौदलात आली आणि मग जावा समुद्र, मिडवे, सांताक्रूझ, ग्वादलकनाल, लेयते, कुठे नव्हती ते विचारा. मार्च १९४३ मध्ये बिस्मार्क समुद्रात ८ सैनिकवाहू जहाजांबरोबर ८ विनाशिका निघाल्या होत्या, विमानहल्ल्यात ती आठही जहाजं बुडाली आणि ४ विनाशिकाही गेल्या, उरलेल्या चारांत ही होती.

तिचे कॅप्टन तेराउची हवाई हल्ला झाला की ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) छतातून डोकं बाहेर काढून विमानं बघायचे, आणि तोफांच्या आवाजात ओरडून कोणाला काही ऐकू जाणार नाही म्हणून खालच्या नॅव्हिगेटरच्या खांद्याला पायाने ढोसायचे, उजवा खांदा म्हणजे बोट उजवीकडे वळव आणि डावा म्हणजे डावीकडे! आता याला नशीब कसं म्हणायचं? ७ एप्रिल १९४५ ला यामातो या अवाढव्य युद्धनौकेबरोबर ओकिनावाला जात होती तेव्हा एक रॉकेट तिच्या धान्यकोठारात घुसलं आणि फुटलंच नाही, ते मात्र नशीब, मान्य.

पण ज्यांच्या सोबतीला ती गेली त्या युद्धनौका कोंगो, विमानवाहू शिनानो, यामातो सगळ्या डोळ्यांदेखत बुडाल्या (शिनानो तर नौदलात येऊन जेमतेम १० दिवस झाले होते), त्यामुळे काही लोक तिला अपशकुनी पण म्हणायचे. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण यामातो बुडाल्यावर पाण्यातली माणसं वर काढणाऱ्यांत हीच होती.

आणि मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते युद्धानंतरचं. तोफा, टॉर्पेडो काढून टाकले, डेकवर माणसांसाठी निवारे बांधले आणि परदेशात अडकलेल्या सुमारे १३,००० जपान्यांना तिने घरी आणलं. न्यू गिनीजवळच्या राबाउलला युद्धात हात गमावलेला मिझुकी शिगेरू, जो पुढे मोठा मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकार झाला, तोही याच बोटीने परतला.

१९४७ मध्ये नुकसानभरपाई म्हणून शांघायला ती चीनच्या ताब्यात दिली, नाव झालं तान यांग, मग चीनचं ते सरकार तैवानला गेल्यावर तिथल्या नौदलात पुन्हा तोफा चढवून बरीच वर्षं चालली. जपानमधल्या लोकांनी ती स्मारक म्हणून परत मागितली होती, पण तोवर ती भंगारात निघाली, शेवटी सुकाणूचं चाक आणि नांगर तेवढा परत आला आणि आता एताजिमाला (जपानी नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात) ठेवलाय. अख्खी बोट मिळायला हवी होती राव.