बाथ: मलमलीचे झगे आणि गे स्ट्रीटची चढण

इंग्लंडमधल्या बाथला मी दोन गोष्टींसाठी गेले. रीजन्सी काळातले, म्हणजे साधारण १८०० च्या आसपासचे, कपडे बघायचे होते, आणि इंग्रज व्यंगचित्रकार रोलंडसनच्या १७९८ सालच्या बाथवरच्या बारा चित्रांतल्या जागा शोधायच्या होत्या. कपडे बघायला मिळालेच नाहीत. असेंब्ली रूम्स या जुन्या नाचघराच्या इमारतीतलं फॅशन म्युझियम ऑक्टोबर २०२२ मध्येच बंद झालंय. माझ्या हातातल्या गाइडबुकात ते अजून तिथेच आहे!

त्याच पुस्तकात लिहिलंय, ‘स्टेशनपासून सगळं सहज पायी.’ क्वीन स्क्वेअरपर्यंत ते खरं आहे. तिथून गे स्ट्रीट लागते आणि थेट सर्कसपर्यंत, म्हणजे गोलाकार बांधलेल्या घरांच्या चौकापर्यंत, चढत जाते. नुकताच पाऊस पडून गेला होता, फरशा ओल्या होत्या. चांगले बूट असूनही दोनदा पाय सटकला. दम लागल्याचं काही नाही, आधी कुणी सांगितलं नाही याचा राग आला.

रोलंडसनने सांगितलं होतं. एका चित्रात मागे रॉयल क्रेसेंट या अर्धचंद्राकृती घरांच्या रांगेची कमान आहे, आणि पुढच्या उतारावरून माणसं चाकाच्या खुर्च्यांसकट गडगडत खाली येतायत. घरी मला ती अतिशयोक्ती वाटली होती. नाचाच्या चित्राचाही अर्थ इथेच लागला. त्या काळी बायकांचे झगे छातीखालीच आवळलेले, तलम मलमलीचे, आणि पायांत पातळ सपाट सपाता. ही मलमल आपल्या बंगालची, खांद्यावरची शाल काश्मीरची. अशा वेशात ओल्या चढणीवर कोण चालणार? म्हणून मेणे, आणि मेणा उचलणारे भोई.

तुम्ही ग्रॅव्हल वॉकने जा. ती वाट सर्कसच्या मागून हळूहळू चढत क्रेसेंटपाशी निघते. परतताना गे स्ट्रीट उतरा, पण पावसात तेही नको. टॅक्सी अजिबात करू नका. जेमतेम दीड किलोमीटरचे माझ्याकडून १५ पाउंड घेतले. मीटर विचारला तर उत्तर नाही.

चित्रांबद्दल एक महत्त्वाचं. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात, त्यामुळे ती कायम भिंतीवर नसतात. ज्या संग्रहालयात ती आहेत तिथे आधी ईमेल करून विचारा, नाहीतर माझ्यासारखे रिकाम्या हाताने परताल. मी शेवटी फोनवरच चित्रं उघडून जागा जुळवल्या, आणि क्रेसेंटसमोर उभं राहून ती कमान तंतोतंत जुळली तेव्हा अंगावर काटा आला.

पंप रूम या जुन्या दालनात मिळणारं गरम झऱ्याचं पाणी कोमट आणि चवीला वाईट आहे. एक घोट पुरे. दुसरा दिवस सपाट भागात, पुल्टनी ब्रिज आणि होलबर्न म्युझियममध्ये गेला. छान होता. मुक्काम मात्र नदीकडेच करा, वर सर्कसजवळ नको. सामान घेऊन ती चढण मी पुन्हा चढणार नाही.