लेच्चे: मऊ दगडाचं गाव

इटली म्हटलं की आपली माणसं रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात आणि परत जातात, नकाशातल्या बुटाच्या टाचेकडे, जिथे लेच्चे आहे, कोणी फिरकतच नाही. मी बारीला राहते, तिथून लेच्चे ट्रेनने दीड-दोन तास, त्यामुळे घरून कोणी आलं की त्यांना आधी तिकडेच पिटाळते.

इथल्या बरोकचं (म्हणजे भरगच्च नक्षीकामाच्या जुन्या वास्तुशैलीचं) सगळं श्रेय एका दगडाला. पिएत्रा लेच्चेसे म्हणतात त्याला, पिवळसर चुनखडीचा, खाणीतून ताजा काढला की मस्त कोरता येतो आणि हवेवर राहून टणक होतो. मग काय, कारागिरांना मोकळं रानच! सांता क्रोचे बॅसिलिकाचं (मोठ्या चर्चचं) काम 1549 ला सुरू झालं ते 1695 ला संपलं. सज्जा पेलून धरणारे प्राणी, त्यांच्यात वाकलेली माणसं (काही पगडीवाले, ते 1571 च्या लेपांतोच्या समुद्री लढाईत ख्रिस्ती आरमाराकडून हरलेले तुर्क असं सांगतात), वर गोल खिडकी आणि तिच्याभोवती नुसती फळं, पानं, देवदूत. बोट ठेवायला जागा नाही. आई बराच वेळ मान वर करून बघत होती आणि मग म्हणाली, "अगं, पण ही धूळ कोण झाडतं?" प्रश्न बरोबर होता, कारण मऊ दगड झिजतोही लवकर, जवळून बघितलं तर काही चेहऱ्यांची नाकं गेलेली दिसतात.

पियाझ्झा देल दुओमो, म्हणजे कॅथेड्रलचा चौक, मला जास्त आवडतो. चौकात शिरायला एकच वाट, आणि शिरल्यावर समोर जे भव्य दार दिसतं ती कॅथेड्रलची चक्क बाजू आहे! खरा दर्शनी भाग अगदी साधा, पण येणाऱ्याला आधी बाजू दिसणार म्हणून वास्तुकार झिंबालोने सगळा थाट तिथेच केला. सत्तरेक मीटरचा घंटाघराचा मनोराही त्याचाच. इथे संध्याकाळीच जा, तेव्हा दगड मधासारखा दिसतो. दुपारी तशीही बरीच दारं बंद असतात.

सांत'ओरोंझो चौकात रोमन अँफिथिएटर (खेळ बघायचं गोलाकार खुलं प्रेक्षागृह) आहे, अर्धंच दिसतं, उरलेलं चौकाखाली आणि इमारतींखाली गाडलेलंय. या गावात कुठेही खणा, काहीतरी निघतंच. 2001 मध्ये एकाला घरात खानावळ काढायची होती, टॉयलेटचा पाइप तुंबला म्हणून त्याने फरशी उखडली तर खाली जुन्या थडग्यांपासून मध्ययुगापर्यंतचे थरच्या थर! खानावळ राहिली बाजूला, तिथे आता फज्जानो म्युझियम आहे. चर्चेससाठी एकत्र तिकीट मिळतं ते घ्या, आणि उन्हाळ्यात असाल तर बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली कॉफी प्या, कुठल्याही बारमध्ये (इथे कॉफीच्या दुकानालाही बारच म्हणतात) मिळते.