बोळ्याचं वजन किती? देवमाशाच्या कातडीवरचे जिवाणू आणि माझे पाच महिने

परवानगीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी पुण्यातल्या त्या कार्यालयाच्या जिन्यातच बसले आणि ते तीनदा वाचलं. पाच महिने अकरा दिवस लागले होते. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. कोकण किनाऱ्यावर असं काम करू पाहणाऱ्या पुढच्या कुणाचे तरी दोन महिने वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच दिसणारा लहान सागरी प्राणी) यांच्या कातडीवर राहणारे जिवाणू हा माझा पीएचडीचा विषय. डॉल्फिनच्या कातडीचा वरचा थर सतत गळतो आणि नवा येतो. तरीही तिथे जिवाणूंची वस्ती टिकून असते आणि ती आजूबाजूच्या समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंपेक्षा वेगळी असते. हंपबॅक देवमाशांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या समुद्रांतल्या देवमाशांच्या कातडीवर टेनासिबॅक्युलम आणि सायक्रोबॅक्टर हे दोन गट पुन्हा पुन्हा सापडले होते. कातडीवरच्या या वस्तीवरून प्राण्याच्या तब्येतीचा अंदाज बांधता येईल का, हा प्रश्न मला तिथूनच लागला. आपल्या किनाऱ्यावरची अशी माहिती मला हवी होती.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि देवमासे, डॉल्फिन त्याच्या पहिल्या अनुसूचीत. मेलेला प्राणी वाहून आला तरी कलम ३९ प्रमाणे तो सरकारी मालमत्ता ठरतो. म्हणजे कातडीवरून नुसता कापसाचा बोळा फिरवायचा तरी परवानगी हवी. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. अडलं ते अर्जाच्या एका रकान्यात: ‘नमुन्याचा प्रकार व वजन (ग्रॅममध्ये)’.

मी लिहिलं, ‘कातडीवरील पुसणी, वजन नगण्य.’ तीन आठवड्यांनी त्रुटीचं पत्र आलं, ‘नगण्य म्हणजे किती ते नमूद करावे.’ मी खुलासा दिला, की प्राण्याचा तुकडा घ्यायचाच नाही, फक्त जिवाणू घ्यायचे आहेत. त्यावर शेरा पडला, ‘जिवाणू हा वन्यप्राणी नसल्याने अर्जाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही.’ मग बोळ्यावर प्राण्याच्या पेशीही येतात, म्हणून परवानगी लागते, असं समजावणारं दोन पानी पत्र दिलं. ते दुसऱ्या टेबलावर गेलं आणि साहेब दौऱ्यावर गेले. सोमवारी गेलं की गुरुवारी या, गुरुवारी गेलं की आवक क्रमांक सापडत नाही. माझ्याकडे पोचपावती नव्हती. कृपा करून प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या, हाताने दिलेल्या कागदाचीसुद्धा.

याच काळात, श्रावणात, रायगडच्या एका किनाऱ्यावर पॉरपॉइज लागला. पावसाळ्यात आपल्याकडे असे प्राणी वाहून येतात. मी पहाटे निघून ताम्हिणीतून खाली उतरले. अंगावर एक ओरखडा नाही, इतका ताजा. माझ्या पिशवीत निर्जंतुक बोळे होते आणि पिशवीची चेन मी उघडू शकत नव्हते. पंचनामा झाला, वाळूत खड्डा खणला, प्राणी पुरला. शेजारी उभ्या कोळीण मावशींनी विचारलं, “डॉक्टरीण हाय ना तू? मग बघत काय राह्यलीस?” मला उत्तर देता आलं नाही.

परत आल्यावर मी एक बोळा बरोबर घेऊनच कार्यालयात गेले आणि त्या टेबलावर ठेवला. लिपिक काकांनी तो हातात घेऊन पाहिला. “एवढाच?” म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी मला बसायला सांगितलं, जिवाणूंचं काय करणार ते विचारलं आणि शेवटी स्वतःच तोड सुचवली: “जास्तीत जास्त किती, ते लिहा. कमी भरलं तर कुणी विचारत नाही.” मी लिहिलं, ‘प्रति बोळा कमाल ०.१ ग्रॅम, एकूण ६० बोळे, एकूण कमाल ६ ग्रॅम.’ सतराव्या दिवशी सही झाली. पहिल्याच दिवशी बोळा दाखवला असता तर तो पॉरपॉइज हातचा गेला नसता, ही गोष्ट मला अजून लागते.

पुढचं काम त्या मानाने सरळ. कातडी आधी निर्जंतुक पाण्याने धुवायची, नाहीतर समुद्रातले जिवाणूच मोजले जातात. तुलनेसाठी त्याच ठिकाणच्या पाण्याचा नमुना घ्यायचा आणि एक कोरा बोळा नुसता हवेत धरून तोही बंद करायचा. मेलेल्या प्राण्यावर कुजण्याचे जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून मृत्यूनंतर अंदाजे किती वेळ गेला ते नोंदवल्याशिवाय नमुना घेऊ नका. कोरडा बर्फ गाडीतून आणताना खोक्याचं झाकण घट्ट लावू नका आणि काचा उघड्या ठेवा, घाटातसुद्धा. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. पुण्यात पोचलं की नमुने थेट उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये.

आणखी एक, हे अर्जाच्या वेळीच करायला हवं: पाण्याचे आणि कोरे नमुनेही त्याच अर्जात लिहा. मी ते लिहिले नव्हते, म्हणून पुरवणी पत्रासाठी आणखी नऊ दिवस गेले. परवानगी एका वर्षाची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मी चार महिने आधीच दिला आहे आणि त्याला प्लॅस्टिकच्या पाकिटात एक बोळा टाचला आहे.