तुम्ही विचारलंत म्हणून: ऑस्ट्रेलियातही मुलांचे कान फुटतात का?

मी ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे कान आणि ऐकणं तपासते, असं सांगितलं की नाशिकच्या मावशीपासून सिडनीत गणपतीला भेटणाऱ्या मंडळींपर्यंत सगळे एकच विचारतात. "एवढ्या श्रीमंत देशात मुलांचे कान वाहतात कसे? आणि वाहतात तर औषध देऊन बरे का नाही करत?" प्रश्न रास्त आहे. दर वेळी उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागतं आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हो, वाहतात. शहरातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त, दूरच्या अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) वस्त्यांमधल्या मुलांचे. मेन्झीज ही डार्विनची आरोग्य संशोधन संस्था. तिने २००१ मध्ये टेरिटरीतल्या २९ वस्त्यांमधली सहा महिने ते अडीच वर्षांची मुलं तपासली. त्यातल्या ९१ टक्के मुलांच्या मधल्या कानात काही ना काही दुखणं निघालं. कुणाच्या पडद्यामागे पाणी, कुणाला सूज, कुणाचा पडदा फुटून पू. सतत कान वाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर तातडीने हात घालायला हवा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. या मुलांमध्ये ते १५ टक्के होतं. त्याच वर्षापासून अ‍ॅबोरिजिनल बाळांना न्यूमोकोकल (कानालाही संसर्ग करणाऱ्या एका जंतूवरची) लस मिळू लागली. त्यानंतर कान फुटण्याचं प्रमाण काहीसं उतरलं, पण पडद्यामागे पाणी साचणं फारसं हटलं नाही.

हे इतक्या लहान वयात कसं होतं? बाळ काही आठवड्यांचं होतं न होतं तोच घरातल्या मोठ्या मुलांकडून जंतू त्याच्या नाकामागे जाऊन बसतात. तिथून मधल्या कानाकडे जाणारी नळी बाळात आखूड आणि आडवी असते, त्यामुळे जंतूंची वाट सोपी होते. आणि बऱ्याचदा दुखत नाही. मूल रडत नाही, कान ओढत नाही, तापही नसतो. जन्मल्या जन्मल्या होणारी ऐकण्याची तपासणी ते पास झालेलं असतं, कारण तेव्हा कान चांगलाच होता. आईला काही कळायच्या आत पडद्यामागे पाणी भरलेलं असतं.

श्रीमंत देशाचं म्हणाल, तर या वस्त्यांमधली घरं पाहायला हवीत. तीन खोल्यांच्या घरात तीन कुटुंबं राहतात, कारण नवी घरं मागणीच्या मानाने बांधलीच जात नाहीत. मुलांचे हात, तोंड, नाक स्वच्छ राहायला नळ, शॉवर, गरम पाणी, कपडे धुवायची सोय लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, पिट्जंट्जत्जारा लोकांच्या प्रदेशात, १९८० च्या दशकात एक काम सुरू झालं. आरोग्यासाठी घरात काय काय चालू असायला हवं याची यादी केली गेली, आणि अंघोळ करता येणं हे त्यात पहिलं होतं. तेव्हापासून हेल्थअ‍ॅबिटाट या संस्थेने देशभर हजारो घरं तपासून दुरुस्त केली. बिघाड कशामुळे झाले याची नोंदही ठेवली. बहुतेक बिघाड वेळेवर देखभाल न झाल्यामुळे होते, बरेचसे मुळातच वाईट बांधकामामुळे, आणि राहणाऱ्यांच्या मोडतोडीमुळे झालेले दहांत एकापेक्षाही कमी. "त्या लोकांना घर सांभाळता येत नाही" हे वाक्य मी आपल्या लोकांच्याही तोंडून ऐकलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता औषधाचं. वाहत्या कानाचं मुख्य औषध म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब. पण पू भरलेल्या कानात थेंब टाकून काही होत नाही, आधी कान कोरडा करावा लागतो. त्याची रीत अगदी साधी आहे. टिश्यूपेपर उभा फाडायचा, एका टोकाकडून पीळ देत समईच्या वातीसारखी निमुळती वात करायची आणि अलगद कानात सरकवायची. अर्धा मिनिट तशीच ठेवायची. ओली झाली की काढून दुसरी. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हेच चालू. कधी तीन वातींत भागतं, कधी अख्खं पाकीट संपतं. मग पाच थेंब. मग कानाच्या भोकापुढे असलेली छोटी कूर्चा (मऊ हाड) बोटाने हलकेच दाबत राहायची, म्हणजे औषध आतवर उतरतं. हे दिवसातून दोनदा, कान सलग काही दिवस कोरडा राहीपर्यंत. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. (आपल्याकडे कान ठणकला की कोमट तेल घालतात. पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं, म्हणून कृपा करून घालू नका.)

आता सांगा, हे दोनदा रोज कोण करणार? सगळं उत्तर इथेच आहे. मी कॅथरीन या टेरिटरीतल्या गावाहून निघते, गाडीने नाहीतर लहान विमानाने वस्तीवर पोचते, आठवडाभर तपासते आणि परत जाते. कान-नाक-घशाचे सर्जन त्याहून क्वचित येतात. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात. कुणी वारलं असेल तर नात्यागोत्यातली माणसं सुतकासाठी दुसऱ्या वस्तीला गेलेली असतात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात, आणि माझ्या यादीतली निम्मी नावं तशीच राहतात. पाहुण्याच्या वेळापत्रकाने रोजचं दुखणं बरं होत नाही. कितीही चांगलं यंत्र आणा, कितीही हुशार डॉक्टर पाठवा, वस्तीत राहणारं माणूस त्या कामावर नसेल तर दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात कान पुन्हा भरतो.

एका वस्तीवर मी जिच्याबरोबर काम करते ती तिथलीच आजी आहे, अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर, म्हणजे शिकून तयार झालेली आरोग्यसेविका. मूल कुठल्या घरी झोपलंय, कुणाची आत्या त्याला घेऊन येईल, कुठल्या आईशी आज बोलू नये, हे तिला ठाऊक असतं. ती क्रिओल या तिथल्या बोलीत बोलते तेव्हा आया प्रश्न विचारतात. माझ्याशी इंग्रजीत बोलताना नुसत्या माना डोलावतात. ओट्यावर बसून ती तीन मुलांच्या वाती करते आणि करता करता मोठ्या बहिणींना शिकवते. तिथले कान माझ्या इतर गावांपेक्षा कोरडे असतात आणि ते श्रेय तिचं आहे. गेली काही वर्षं मेन्झीजनेच 'हिअरिंग फॉर लर्निंग' नावाचं काम चालवलं, ते याच विचारावर. वस्तीतल्या माणसांना शिकवायचं, पगार द्यायचा आणि कानांचं काम त्यांच्या हाती द्यायचं. प्राध्यापक अमांडा लीच यांच्याबरोबर त्याचं नेतृत्व करणारे केल्विन काँग हे वोरिमी समाजाचे, ऑस्ट्रेलियातले पहिले अ‍ॅबोरिजिनल सर्जन, आणि तेही कान-नाक-घशाचेच. क्वीन्सलंडमध्ये चेरबर्गला २००९ पासून फिरती व्हॅन शाळेत जाऊ लागली. स्थानिक हेल्थ वर्कर कानाच्या पडद्याचे फोटो काढून पाठवायचा आणि ब्रिस्बेनमधले तज्ज्ञ तिथूनच बघून सांगायचे. तंत्रज्ञान असं वापरावं, जागेवरच्या माणसाच्या हाताला बळ म्हणून.

पगाराचं मात्र अजून दुखणंच आहे. अशा नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पाच्या पैशावर असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि शिकलेली बाई दुकानाच्या गल्ल्यावर बसते. याचा मला राग येतो आणि तो मी प्रत्येक बैठकीत बोलून दाखवते.

विश्वासाचंही आहे. १९७० च्या आसपासपर्यंत सरकार या लोकांची मुलं घरातून उचलून नेत होतं. ज्या आजीची बहीण अशी गेली, तिला सरकारी गाडीतून आलेल्या अनोळखी बाईच्या हाती नातू द्यायला वेळ लागणारच. म्हणून पहिल्या भेटीत मी तपासायची घाई करत नाही. सावलीला बसते. कुठली, कुणाची, आई कुठे असते, हे त्या विचारतात, मी सांगते.

"कानच तर आहे, एवढं काय" असंही कुणी म्हणतं. पडद्यामागे पाणी असलं की मूल ठार बहिरं होत नाही, जवळचं मोठ्याने बोललेलं ऐकतं. स, फ, थ यांसारखे बारीक आवाज मात्र निसटतात. घरची भाषा वेगळी, शाळेची इंग्रजी, शिक्षक नवे, वर पंख्याची घरघर. मूल पाठ फिरवून बसतं, नाहीतर खोड्या काढतं, आणि "ऐकत नाही" असा शेरा पडतो. वर्गात स्पीकर लावून शिक्षकाचा आवाज सगळीकडे सारखा पोचवला तर बराच फरक पडतो, आणि त्याला फार खर्चही येत नाही. पुढे काय होतं तेही बघा. डार्विन आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तुरुंगांतल्या अ‍ॅबोरिजिनल कैद्यांची तपासणी झाली, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त जणांना ऐकू कमी येत होतं. पोलिसाचा हुकूम, न्यायाधीशाचा प्रश्न, वकिलाचा सल्ला, यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं असेल?

हल्ली मुंबई-पुण्याहून ऑडिओलॉजी शिकलेल्या मुलींची पत्रं येतात: "आम्हाला तिकडे काम करायचंय, येऊ का?" जरूर या, माणसं कमी पडतात. फक्त अर्ज करण्याआधी ती संस्था कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा. अ‍ॅबोरिजिनल समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्य संस्था १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नपासून सुरू झाल्या आणि आज देशभर आहेत. शक्यतो तिथे जा. सहा महिन्यांचा करार घेऊ नका, निदान दोन वर्षं राहायची तयारी ठेवा, कारण पहिलं वर्ष लोकांनी तुम्हाला ओळखण्यात जातं. आणि मुलाखतीत हे नक्की विचारा: तुमच्याकडे कानाचं काम करणारं वस्तीतलं माणूस कोण आहे, आणि त्याचा पगार किती वर्षांसाठी मंजूर आहे?