ना सीडी ना पेन ड्राइव्ह, तरी मिंट बसलं

घरचा जुना लॅपटॉप, विंडोज १० वाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि प्रोसेसर जुना म्हणून ११ काही त्याच्यावर चढेना. म्हटलं लिनक्स मिंट (फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू, विंडोजपण राहू दे कारण बाबांचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) त्यात आहे. पण ते टाकायला सीडी ड्राइव्ह नाहीच, आणि यूएसबीचे दोन्ही पोर्ट इतके ढिले की पेन ड्राइव्हला धक्का लागला की गायब.

मग कळलं की हार्ड डिस्कवरच ८ जीबीचं पार्टिशन (वेगळा भाग) फॅट३२ फॉरमॅटमध्ये करायचं, मिंटची आयएसओ (डाउनलोड केलेली इन्स्टॉलेशनची फाइल) डबल क्लिक करून उघडायची आणि आतलं सगळं तिकडे कॉपी मारायचं, यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) मशीन असेल तर त्यावरून बूट होतं. ऐकायला सोपं. पण सी ड्राइव्ह श्रिंक करायला (लहान करून जागा काढायला) गेलो तर रिकामी जागा शंभरच्या वर असून फक्त ११ जीबी देतो म्हणे! हायबरनेशन आणि पेजफाइल (यांच्या फाइली जागेवरून हलत नाहीत) बंद करून रीस्टार्ट केल्यावर कुठे जागा सुटली. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअपपण (विंडोज पूर्ण बंद न करता ठेवणारी सोय) जातं, ते तसंही बंदच पाहिजे नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पुढचं काम बीसीडीएडिटचं (विंडोजची बूट सेटिंग बदलणारी कमांड), म्हणजे विंडोजच्या बूट मॅनेजरच्या एंट्रीची कॉपी करून तिला नवीन पार्टिशन आणि त्यातल्या बूट फाइलचा पत्ता द्यायचा. इथे माझा अख्खा तास गेला. कमांड बरोबर, तरी एरर. शेवटी लक्षात आलं की मी पॉवरशेलमध्ये (विंडोजची दुसरी कमांड खिडकी) टाइप करतोय आणि त्याला कमांडमधले महिरपी कंस म्हणजे भलतंच काहीतरी वाटतं. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (अ‍ॅडमिन म्हणून उघडून) पहिल्या फटक्यात चाललं.

मिंट लाइव्ह (न बसवता नुसतं चालणारं) चालू झालं, आणि इन्स्टॉलर विचारतो की वापरात असलेली पार्टिशन अनमाउंट करू का (वापरातून काढू का). अरे बाबा, त्याच्यावरच तर तू बसलायस! नको म्हटलं तर म्हणे मग नवीन पार्टिशन करता येणार नाही, आधीच असलेल्यावर टाका. परत विंडोजमध्ये जाऊन ६० जीबीचं पार्टिशन करून आलो, मग 'समथिंग एल्स' (स्वतः पार्टिशन निवडायचा पर्याय) मधून त्याला ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करून रूट, म्हणजे मिंटची मुख्य जागा, म्हणून दिलं. विंडोजच्या ईएफआय पार्टिशनला (बूटच्या फाइली असतात त्याला) फॉरमॅटची टिक लागली नाहीये ना, हे तीनदा बघितलं.

शेवटी मेसेज आला, इन्स्टॉलेशन मीडिया काढा आणि एंटर दाबा. काय काढू, हार्ड डिस्क?

ग्रबमध्ये (सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या मेनूत) दोन्ही दिसतात. फक्त विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं, कारण लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळेवर) ठेवतं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलची एक कमांड मारून ते लोकल टाइमवर आणलं, तोवर बाबांनी त्या चुकीच्या घड्याळावरच टॅलीत दोन व्हाउचर टाकून ठेवली होती.